दिसत नाही, पण दुखते



पाय प्लास्टरमध्ये असलेला माणूस रविवारी चर्चच्या दारात दिसला, की दहाजण त्याची विचारपूस करतात. कसे पडलात, प्लास्टर केव्हा निघणार, घरी मदतीला कोण आहे? कोणी हात देऊन त्याला पायऱ्या चढवतो, कोणी बाकावर सरकून जागा करून देतो. त्याचे हाड खरोखर मोडले आहे का, अशी शंका कोणालाही येत नाही. प्लास्टर सर्वांना दिसते.

त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या एखाद्या भगिनीची मान, खांदे, पाठ, कंबर आणि पाय कित्येक वर्षांपासून रोज दुखत असतात. परंतु तिचा चेहरा नेहमीसारखाच असतो, कपडे नीटनेटके असतात आणि रक्ताचे, लघवीचे, एक्स-रेचे सगळे रिपोर्ट नॉर्मल असतात. तिला लोक विचारतात, "अजून दुखतंच का तुझं?" या प्रश्नातला 'च' तिला बरोबर ऐकू येतो.

न दिसणारे दुखणे वाट्याला आले, की माणसाला दोन ओझी वाहावी लागतात. एक दुखण्याचे आणि दुसरे ते दुखणे खरे आहे हे सिद्ध करण्याचे. पहिले ओझे एकदम उतरवणे डॉक्टरांनाही जमत नाही. दुसरे मात्र आपण, म्हणजे घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, सोबत काम करणाऱ्यांनी लादलेले असते. ते आपल्याला आज संध्याकाळीही काढून घेता येते. फायब्रोमायल्जिया या आजाराच्या निमित्ताने आजच्या पाठात याचाच विचार करू या.

हा आजार आहे तरी काय?

नाव लांबलचक असले तरी अर्थ सोपा आहे. 'फायब्रो' म्हणजे तंतू, 'मायो' म्हणजे स्नायू आणि 'अल्जिया' म्हणजे वेदना. १९०४ साली विल्यम गॉवर्स या इंग्रज डॉक्टरांनी अशा दुखण्यासाठी 'फायब्रोसायटिस' हे नाव वापरले. स्नायूंमधल्या तंतूंना सूज येत असावी, असा त्यांचा समज होता. पुढे तपासण्यांत तशी सूज सापडली नाही. म्हणून १९७० च्या दशकापासून सूज सुचवणारे ते नाव मागे पडत गेले आणि आजचे नाव रूढ झाले.

या आजारात अंगाच्या डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना, कमरेच्या वर आणि खालीही दुखत राहते आणि हे दुखणे तीन महिन्यांहून अधिक काळ टिकते. सोबत न जाणारा थकवा असतो. रात्रभर झोपूनही सकाळी अंग आंबलेलेच असते. साधा शब्द वेळेवर आठवत नाही, गॅसवर दूध ठेवल्याचे लक्षात राहत नाही, डोक्यात धुके भरल्यासारखे वाटते. काहींचे डोके वारंवार दुखते, काहींचे पोट बिघडते. काहींना मोठा आवाज, प्रखर उजेड किंवा थंडी सहन होत नाही. काहींना तर प्रेमाने पाठीवर ठेवलेला हातसुद्धा दुखतो.

निरनिराळ्या देशांतील पाहण्यांनुसार साधारणपणे शंभर प्रौढांमागे दोन ते चारजणांना हा आजार असतो. म्हणजे एका मिस्साला पाचशे प्रौढ जमत असतील, तर त्यांत दहाजण तरी असे असू शकतात. स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण अधिक आढळते. पण तो पुरुषांना होतो आणि मुलांनाही होतो. पुरुषाची पंचाईत आणखी वेगळी असते. अंग दुखते म्हणून तो रजेवर राहिला, तर "एवढा धडधाकट गडी आणि घरी बसतो" हे त्याला ऐकावे लागते.

हा आजार ओळखायचा कसा, यावर १९९० साली अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने निकष ठरवले. अंगावरच्या १८ ठरावीक जागा दाबून पाहायच्या आणि त्यांपैकी ११ जागा दुखल्या तर हा आजार समजायचा, अशी ती रीत होती. २०१० साली याच संस्थेने नवे निकष दिले. अंगाचे किती भाग दुखतात, थकवा किती आहे, झोपेने ताजेपणा येतो का, स्मरणशक्तीचे काय, हे रुग्णाला विचारून त्याचे मोजमाप करायचे, असे त्यांत ठरले. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. या आजाराचे निदान प्रामुख्याने रुग्णाचे ऐकून घेतल्याने होते. जिथे कोणी ऐकूनच घेत नाही, तिथे निदानही होत नाही.

रिपोर्टमध्ये का दिसत नाही?

"एवढ्या तपासण्या केल्या, काहीच निघालं नाही. मग दुखतंय कसं?" हा प्रश्न घरोघरी विचारला जातो आणि तो अगदीच चुकीचा नाही. त्याचे उत्तर मात्र समजून घ्यायला हवे.

एक्स-रेमध्ये हाडे दिसतात. रक्ताच्या तपासणीत सूज, जंतुसंसर्ग, रक्त कमी असणे, थायरॉइडचा बिघाड अशा गोष्टी कळतात. फायब्रोमायल्जियात बिघाड असतो तो वेदनेचा निरोप नेणाऱ्या यंत्रणेत. आपल्या त्वचेतून, स्नायूंतून निघालेला निरोप मज्जारज्जूतून मेंदूकडे जातो. वाटेत तो कमी-जास्त करण्याची सोय देवाने शरीरात केलेली आहे. म्हणूनच घाईत असताना पायाला लागलेली ठेच आपल्याला घरी पोचल्यावर जाणवते. या आजारात आवाज कमी करणारे बटण नीट चालत नाही आणि वाढवणारे बटण वरच अडकून बसते. रेडिओ बाहेरून धडधाकट दिसतो, पण हळू लावलेले गाणेही कर्कश वाजते. अशा रेडिओच्या खोक्याचा फोटो काढला, तर फोटोत बिघाड कसा दिसेल?

हे नुसते तर्कट नाही. २००२ साली अमेरिकेतील संशोधकांनी फायब्रोमायल्जियाच्या १६ रुग्णांचा आणि १६ निरोगी व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी दोन्ही गटांच्या अंगठ्याच्या नखावर मोजून-मापून दाब दिला आणि त्याच वेळी मेंदूचे कार्य दाखवणारा विशेष एमआरआय काढला. हलक्या दाबानेही रुग्णांच्या मेंदूतील वेदनेशी संबंधित भाग जागे झाले. निरोगी व्यक्तींच्या मेंदूत तसेच चित्र दिसायला कितीतरी अधिक दाब द्यावा लागला. "मला दुखते" असे रुग्ण म्हणत होते आणि त्यांचा मेंदूही तीच साक्ष देत होता. मात्र असा एमआरआय संशोधनासाठी असतो. रोजच्या निदानासाठी तो वापरत नाहीत, त्यामुळे त्यासाठी कोणी पैसे खर्च करण्याची गरज नाही.

दुसरा अभ्यास २०२१ सालचा. लंडन, लिव्हरपूल आणि स्टॉकहोम येथील संशोधकांनी रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे काढून ती उंदरांना टोचली. उंदरांची वेदनेबद्दलची संवेदना वाढली, थंडी आणि दाब त्यांना अधिक जाणवू लागला, त्यांची हालचाल मंदावली. निरोगी माणसांची प्रतिपिंडे टोचलेल्या उंदरांना असे काही झाले नाही. या आजाराचे संपूर्ण कारण अजून उलगडलेले नाही आणि एका अभ्यासाने ते उलगडतही नाही. पण उंदीर काही घरकाम टाळण्यासाठी सोंग करत नाही, एवढे तर आपण मान्य करू.

आणि जरा आपल्या अनुभवाकडेही पाहू या. अर्धशिशी कोणत्या एक्स-रेत दिसते? तरीही घरात कोणाची अर्धशिशी उठली, की आपण खिडक्या लावून घेतो आणि मुलांना गप्प बसवतो. तिच्यावर आपला विश्वास बसला आहे, कारण ती आपल्या ओळखीची आहे. फायब्रोमायल्जिया ओळखीचा नाही, एवढाच काय तो फरक.

"सगळे मनाचे खेळ आहेत"

हे वाक्य सर्वांत जास्त जखम करते. डॉक्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठी घेऊन घरचे माणूस औषधाच्या दुकानात जाते. तिथे कळते, की ही गोळी नैराश्यावरची आहे. झाले! घरी येऊन सांगितले जाते, "बघ, डॉक्टरांनाही कळलंय, तुझं दुखणं मनाचं आहे."

खरी गोष्ट अशी आहे. मेंदूकडून मज्जारज्जूकडे येणारे आणि वेदना कमी करणारे जे निरोप असतात, ते सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रिनलिन या रसायनांच्या साहाय्याने चालतात. नैराश्यावरच्या काही औषधांनी हीच रसायने वाढतात. म्हणून अॅमिट्रिप्टिलिन हे औषध अगदी कमी मात्रेत रात्री देतात, काहींना ड्युलोक्सेटिन देतात. प्रिगॅबॅलिन हे मुळात फिटवर आणि नसांच्या वेदनेवर वापरले जाणारे औषध. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ साली फायब्रोमायल्जियासाठी मान्य केलेले ते पहिले औषध होय. एकच चाकू भाजी चिरतो आणि दोरीही कापतो. गोळीच्या नावावरून आजार ठरवू नये. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती स्वतःहून सुरूही करू नये आणि बंदही करू नये.

मनाचा आणि या आजाराचा काहीच संबंध नाही, असेही नाही. काळजी, अपुरी झोप, घरातले दुःख यांनी दुखणे वाढते. मधुमेह आणि रक्तदाबही काळजीने वाढतात. पण म्हणून त्यांना कोणी मनाचे खेळ म्हणत नाही. उलट वर्षानुवर्षे दुखत राहिले, तर कोणाचेही मन खचणारच. तेव्हा मनासाठी समुपदेशकाची मदत घेतली, तर त्यात कमीपणा नाही आणि त्यामुळे दुखणे खोटेही ठरत नाही.

पोटातल्या अल्सरची गोष्ट आठवण्यासारखी आहे. काळजी करणारा, चिडका, तिखट खाणारा माणूस अल्सर ओढवून घेतो, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाई. १९८२ साली ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या डॉक्टरांनी पोटातील जंतू शोधून काढला. बहुतेक अल्सर त्या जंतूमुळे किंवा वेदनाशामक गोळ्यांमुळे होतात, हे पुढे स्पष्ट झाले. त्या दोघांना २००५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. तोपर्यंत किती रुग्णांनी आजाराबरोबर स्वभावाचा दोषही पदरात घेतला असेल! कारण सापडले नाही म्हणून दोष रुग्णाच्या माथी मारायचा, ही सवय जुनी आहे.

काल ठीक होती, आज काय झाले?

संशयाचे सर्वांत मोठे मूळ इथे आहे. समजा, शनिवारी नात्यातले लग्न होते. सुनेने पहाटे उठून सर्वांची तयारी केली, पाहुण्यांची सरबराई केली, हसतमुखाने फोटो काढून घेतले. सोमवारी तिला पलंगावरून उठवत नाही. सासूबाई म्हणतात, "लग्नात मिरवताना बरी दुखली नाही कंबर!"

या आजाराचा स्वभावच असा आहे. जास्त श्रम झाले, की त्याची किंमत बहुधा त्याच दिवशी भरावी लागत नाही. ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरावी लागते. त्या सुनेला हे ठाऊक होते. लग्न चुकवले तर माणसे नाराज होतील आणि गेले तर दोन दिवस अंथरूण धरावे लागेल, असा हिशेब करून ती गेली. आपण तिचा शनिवार पाहिला, सोमवार पाहिला. मधली रविवारची रात्र पाहिली नाही.

संशय घेतला गेला, की माणूस दोनपैकी एका वाटेला जातो. एक तर तो बोलायचे बंद करतो. घरचे समजतात, आता बरे वाटते आहे. नाहीतर तो स्वतःला सिद्ध करायला निघतो. पाण्याच्या कळश्या, कपड्यांच्या बादल्या, गच्च भरलेली विरार लोकल, काहीच टाळत नाही. मग दुखणे आणखी बळावते. काहीजण 'काहीतरी निघावे' या आशेने एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे फिरत राहतात. आपल्या रिपोर्टमध्ये दोष सापडावा, अशी प्रार्थना माणसाला करावी लागावी, यापेक्षा मोठी विटंबना कोणती?

एखादा सोंग करत असेल तर?

हा प्रश्नही प्रामाणिकपणे विचारात घ्यायला हवा. माणसे कधीकधी आजाराचे निमित्त करतात, हे कोण नाकारील? पण जरा हिशेब करून पाहा. समजा आपण विश्वास ठेवला आणि समोरचा खोटा निघाला. आपले नुकसान काय? एखाद्या दुपारी भांडी आपण घासली, बाजाराची पिशवी आपण उचलली. आता समजा आपण संशय घेतला आणि समोरचा खरा निघाला. तर आपण आजारी माणसाला त्याच्याच घरात एकटे पाडले. पहिली चूक दोन दिवसांत भरून निघते. दुसरी कित्येकदा वर्षानुवर्षे भरून निघत नाही.

शिवाय सोंग करणाऱ्याला मिळते काय? पगार कापला जातो, आवडीची कामे सुटतात, पोराबाळांना उचलून घेता येत नाही, टोमणे ऐकावे लागतात. एवढा तोट्याचा धंदा कोण वर्षानुवर्षे करील? वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा तिच्यासोबत स्पष्ट केले, की माणूस आपल्याला वेदना होते असे सांगतो, तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. दुखणे तपासण्याचे काम डॉक्टरांचे आहे. घरच्यांना ते काम कोणी दिलेले नाही.

घरच्यांनी काय करावे?

१. ऐकून घ्यावे. लगेच उपाय सुचवू नये. "अमक्याने तमके तेल लावले आणि तो बरा झाला" हे वाक्य रुग्णाने शंभर वेळा ऐकलेले असते. "आज कुठे जास्त दुखते आहे?" एवढे विचारले तरी पुरे.

२. तुलना करू नये. "आम्ही दहा माणसांचा स्वयंपाक करून शेतावरही जायचो" हे खरेच असेल. पण त्या काळातही किती बायकांनी न बोलता सोसले, ते कोणी मोजले? पुणे जिल्ह्यातील भिगवण गावात १९९६ साली घरोघर जाऊन आरोग्याची पाहणी सुरू झाली, तेव्हा लोकांनी सांगितलेल्या तक्रारींत सांधे आणि स्नायूंचे दुखणे सर्वांत पुढे होते. म्हणजे कष्टाची सवय असलेल्या गावातही दुखणे होतेच. विचारायला कोणी गेले, तेव्हा ते कळले.

३. कामे वाटून घ्यावीत, काढून घेऊ नयेत. कपडे पिळणे, पीठ मळणे, जड पिशव्या उचलणे ही कामे दुसऱ्याने घ्यावीत. भाजी निवडणे, मुलांचा अभ्यास घेणे अशी बसून करायची कामे तिच्याकडे राहू द्यावीत. सर्वच कामे काढून घेतली, तर माणसाला आपण निरुपयोगी आहोत असे वाटते.

४. एकदा तरी डॉक्टरांकडे सोबत जावे. त्यांच्या तोंडून आजार समजून घेतला, तर घरातले निम्मे वाद मिटतात. शक्य असल्यास संधिवाततज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

आजारी व्यक्तीने काय करावे?

सर्वप्रथम नीट तपासणी करून घ्यावी. थायरॉइड, ड जीवनसत्त्व, रक्ताचे प्रमाण, सूज दाखवणाऱ्या चाचण्या एकदा व्हायला हव्यात, कारण अंगदुखीची इतरही कारणे असतात. सांधे सुजणे, ताप येणे, वजन घटणे, हातापायांतली ताकद जाणे अशी लक्षणे दिसली, तर 'हे नेहमीचेच' असे म्हणून बसू नये, त्वरित दाखवावे. एकदा निदान पक्के झाले, की त्याच त्याच महागड्या तपासण्या पुन्हा करण्यात अर्थ नसतो. या आजाराने सांधे झिजत नाहीत किंवा वाकडे होत नाहीत आणि हा कर्करोगही नाही, हे मनाशी धरावे.

दुसरे म्हणजे हालचाल. ज्याचे अंग दुखते, त्याला व्यायाम सांगणे विचित्र वाटेल. पण युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली सर्व उपाय तपासून पाहिले, तेव्हा ज्याची ठामपणे शिफारस केली असा उपाय एकच होता, तो म्हणजे व्यायाम. मात्र तो मुंगीच्या पावलांनी वाढवावा. पहिल्या आठवड्यात रोज पाच मिनिटे चालावे, मग सात, मग दहा. पहिल्याच दिवशी तासभर चालून चार दिवस झोपून राहण्यात फायदा नाही. कामाचेही तेच. बरे वाटले त्या दिवशी सगळे घर धुऊन काढायचे आणि मग आठवडाभर कण्हायचे, हे चक्र मोडावे. बऱ्या दिवशी थोडे कमी करावे, वाईट दिवशीही थोडे तरी करावे.

तिसरे झोप. १९७५ साली कॅनडातील संशोधकांनी काही निरोगी स्वयंसेवकांची गाढ झोप रात्री मुद्दाम मोडली. थोड्याच रात्रींत त्यांचेही अंग दुखू लागले. म्हणून झोपेची वेळ सांभाळणे हा या आजारात औषधाचाच भाग आहे. घरच्यांनी रात्री उशिरापर्यंत मोठ्याने टीव्ही लावू नये, तो याच कारणासाठी.

चौथे, सांगायला शिकावे. "सगळं अंग दुखतंय" याने समोरच्याला काही उमगत नाही. "आज मला हात वर करता येत नाही, तेवढा वरचा डबा काढून दे" असे सांगितले, तर मदत करणे सोपे जाते. आणि ज्याला समजूनच घ्यायचे नाही, त्याच्यापुढे रोज नवा पुरावा मांडत बसू नये. ती ताकद चालण्यासाठी आणि आपल्या माणसांसाठी राखून ठेवावी.

आणि आपला धर्मग्राम?

श्रद्धाळू माणसे संशयाला कधीकधी धार्मिक कपडे चढवतात. "प्रार्थना कमी पडते," "घरात काहीतरी चुकलं असेल." ईयोबाच्या तीन मित्रांची कथा आपणा सर्वांना माहीत आहे. ते आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि काहीच बोलले नाहीत. तोपर्यंत ते चांगले मित्र होते. नंतर त्यांनी तोंड उघडले आणि ईयोबाचे काय चुकले असावे, हे त्याला समजावून सांगू लागले. शेवटी परमेश्वराने रागावून खडसावले ते या मित्रांना. आजारी माणसाशेजारी गप्प बसणे हे किती मोठे काम आहे, हे त्या पहिल्या सात दिवसांवरून शिकावे.

एक साधी गोष्ट. मिस्सामध्ये सर्वजण गुडघे टेकतात तेव्हा एखादी तरुण व्यक्ती बसून राहिली, तर आपल्या माना वळतात. आजारपणामुळे गुडघे टेकता येत नसतील, तर न टेकण्याची मुभा ख्रिस्तसभेनेच दिलेली आहे. जी मुभा ख्रिस्तसभा देते, ती शेजारच्या बाकावरून आपण काढून घेऊ नये. शांतीचे चिन्ह देताना कोणी हस्तांदोलन न करता नुसता नमस्कार केला, तर त्याचा राग मानू नये. कदाचित त्याची बोटे दुखत असतील. आजाऱ्यांच्या भेटीला जाताना आपण बहुधा अंथरुणाला खिळलेल्यांची यादी करतो. जे चालत-फिरत आजारी आहेत, त्यांचे नाव त्या यादीत क्वचितच असते. 'रोज मरे त्याला कोण रडे' अशी आपल्याकडे म्हण आहे. ती आपल्या धर्मग्रामाला लागू पडू नये.

कुटुंबात व समूहात चर्चेसाठी

१. आपल्या घरात किंवा शेजारी असे कोणी आहे का, ज्याच्या दुखण्याची आपण थट्टा करत आलो आहोत?

२. आपल्या घरातले कोणते जड काम या आठवड्यापासून दुसऱ्याने उचलता येईल?

३. चालत-फिरत आजारी असलेल्यांसाठी आपला समूह काय करू शकेल? चर्चमध्ये पाठ टेकता येईल अशा काही खुर्च्या, रिक्षेने ने-आण, महिन्यातून एक भेट?

या आठवड्याचा संकल्प: अशा एका व्यक्तीला "आज कसं आहे?" असे विचारू या. आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत घड्याळाकडे न पाहता थांबू या.